लाल दवाईचं पाणी

माझ्या वहिनीला मूल झालं नाही. त्यात माझा किती हात होता हे मला कधीच नक्की कळलं नाही. ज्यांना कळू शकलं असतं त्या डॉक्टरीणबाईंनीही छातीठोकपणे काही सांगितलं नाही. पण हात होता.

आमचं घर नागपुरात विणकरांच्या मोहल्ल्यात. वडील गेल्यावर घरातला माग बंद पडला होता. माय शेजारच्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. दादा गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला, दिवसभर गिऱ्हाइकांपुढे थान उलगडायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. मी घरातली पहिली मॅट्रिक. त्यानंतर वर्षभराचा लॅबोरेटरीचा कोर्स केला आणि बांगलादेशच्या लढाईच्या पुढच्या वर्षी एका बायकांच्या इस्पितळात मला नोकरी लागली. पांढरा कोट मिळाला. तो मी घरी आणून धुवायची आणि अंगणात अशा ठिकाणी वाळत घालायची की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा.

वहिनी उमरेडची, तीही विणकरांच्याच घरची. माझ्याच वयाची, पण मी नणंद म्हणून मला ‘ताई’ आणि ‘तुमी’ म्हणायची. मी तिला ‘तू’ म्हणायची. मागावर तिचा हात असा चालायचा की बाजूच्या घरचे लोक किनार बसवताना अडले की तिला बोलवायचे. शाळा मात्र तिची चौथीतच सुटली होती. त्यामुळे मी इस्पितळातलं काहीही सांगितलं की ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

तिचा पहिला गर्भ दोन महिन्यांचा होऊन पडला. दुसरा चौथ्या महिन्यात. तो घरीच पडला, मोहल्ल्यातल्या सुईणीनं सगळं केलं, आणि तिसऱ्या दिवशी वहिनीला हुडहुडी भरून ताप आला. नऊ दिवस ताप होता. इस्पितळात न्यावं असं मी मायला एकदा म्हटलं. माय म्हणाली, “एवढ्या तेवढ्याले कोणी दवाखान्यात नेत नाई.” आणि मी गप्प बसले. रोज सकाळी इस्पितळात जाणारी मी, तापानं फणफणलेल्या वहिनीच्या अंथरुणाला वळसा घालून कामावर जात होते. आज लिहिताना हे मलाच खरं वाटत नाही.

ताप उतरला. पण नंतर तिला धुपणी लागली. अंगावरून पांढरं, पिवळट जायचं, ओटीपोटात दुखायचं. मायनं आपले उपाय सुरू केले. निंबाचा पाला उकळून दे, तुरटीच्या पाण्यानं धू. “अंग साफ नाई राहिलं तं पोर कसं टिकंल वं?” असं तिच्या तोंडावर म्हणायची. वहिनी मान खाली घालून न्हाणीत जायची.

मला मायच्या त्या पाल्याचा राग यायचा. मला वाटायचं, हे अडाणीपण आहे, आणि मी तर सायन्स शिकले आहे. इस्पितळात एका जुन्या नर्सबाईंनी कड उडालेला एक पांढरा एनॅमलचा डबा काढून ठेवला होता. खाली तोटी, तिला लांब रबरी नळी. बाळंतिणींच्या वॉर्डात असे डबे आत पाणी सोडून धुवायला वापरायचे. मी मागितला, त्यांनी दिला. विहिरीत टाकतात ती लाल दवाईही एका कागदाच्या पुडीत आणली.

वहिनीला मी न्हाणीत उभी राहून शिकवलं. डबा कुठं टांगायचा, पाणी किती कोमट हवं, नळी कशी धरायची.

“पाणी गुलाबी दिसलं पाहिजे. जांभळं नको,” मी म्हणाले.

“किती खेप करू?”

“सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जंतू मेले की धुपणी थांबेल.”

“अन् मंग पोर टिकंल?”

“टिकेल ना. काहून नाही टिकणार?”

एवढ्या ठामपणे मी ते बोलले होते.

आठ महिने तिनं ते केलं. एक दिवस चुकवला नाही.

आठ महिन्यांनंतर माझं काम बदललं. तोवर मी लघवी आणि रक्त तपासत होते. आता बायकांच्या आतल्या स्रावाच्या काचपट्ट्या रंगवून पाहण्याच्या टेबलावर मला बसवलं. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, मूळच्या इंदूरच्या. मराठी बोलायच्या पण हिंदीच्या वळणाची. पहिल्याच दिवशी त्यांनी एक रंगवलेली पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “बघ आणि काय दिसतं ते लिही.”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळ्या दांड्याच दांड्या. काही सुट्या, काही एकीला एक लागून, सगळीकडे पसरलेल्या. एवढे जंतू मी आधी कधी एका ठिकाणी पाहिले नव्हते. मला शिसारी आली. मी कागदावर लिहिलं: भरपूर जंतू, जोराचा संसर्ग. खाली रेघ मारली.

बाईंनी कागद वाचला आणि हसल्या. “ही बाई पाचव्या महिन्यात आहे. तपासायला चालत आली, चालत गेली. तिला काही म्हणजे काही झालेलं नाही.”

“पण हे जंतू?”

“तिचेच आहेत. असायलाच हवेत. तू घरी दही लावतेस ना? त्याच घराण्यातले समज. ते तिथं आंबटपणा धरून ठेवतात. त्या आंबटात वाईट जंतूंना राहता येत नाही. हे आहेत म्हणून ती धडधाकट आहे.”

मी पुन्हा डोळा लावला. त्याच दांड्या होत्या. आता त्यांच्याकडे कसं पाहावं ते मला कळेना.

“आणि... धुऊन काढले तर?” मी विचारलं.

“कशानं?”

“लाल दवाईच्या पाण्यानं. डब्यानं.”

बाईंचं हसू गेलं. “मग जागा रिकामी. जो येईल तो वस्ती करील. आणि ज्या बाईचा गर्भ पडला आहे, तिच्यात तर फारच वाईट. पाण्याच्या जोरानं खालची घाण वर गर्भाच्या पिशवीत जाऊ शकते, पिशवीतून बीजाच्या नळ्यांत. ते डबे बंद करा म्हणून मी दोनदा लिहून दिलं. वॉर्डात ऐकतात कुठं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “का? कोणासाठी विचारते आहेस?”

“असंच,” मी म्हणाले.

बाई पुढे बोलत होत्या. समोरच्या बाटलीतला जांभळा रंग मी हातावर सांडला आणि तो धुवायचंही मला सुचलं नाही. दिवसभर मी पट्ट्या रंगवत राहिले. कोणाच्या होत्या, काय लिहिलं, आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले असतील. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. मी दाराबाहेर उभी राहिले. थोड्या वेळानं वहिनी बाहेर आली, घामानं चेहरा ओला, एक हात पोटाशी.

“ताई, आज पाणी थोडं जास्त लाल झालं जी,” ती अपराध्यासारखी म्हणाली.

“आजपासून करू नको.”

“काहून? गुण येऊन राहिला ना?”

“डॉक्टरांनी औषध बदललं,” मी म्हणाले. खोटं बोलले. “परवा तुला माझ्यासोबत यायचं आहे.”

मायला मी सांगितलं की तिला फुकटात तपासून देतात, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना. तेवढ्यानं तिनं हरकत घेतली नाही. वहिनीनं लग्नातलं पातळ नेसलं. आत तपासणीच्या खोलीत ती कण्हली तेव्हा पडद्याबाहेर मी दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि माझ्या हातात काचपट्टी दिली. ही तुझी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं असावं.

पट्टी मीच वाळवली, मीच रंगवली. डोळा लावला.

एकही दांडी नव्हती. एकही नाही. मी पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. बारीक बारीक ठिपक्यांची गर्दी होती, आणि सगळीकडे गोल पेशी. एकेकीच्या पोटात तीन-चार पाकळ्यांसारखे जांभळे तुकडे. एकमेकींवर चढलेल्या, इतक्या की मधली काच दिसत नव्हती. पू म्हणतात तो ह्यांचाच. पुस्तकात चित्र पाहिलं होतं. आपल्याच घरच्या माणसाच्या अंगात हे असं भरलेलं असेल आणि ती रोज आपल्याला ताटात भाकर वाढत असेल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मग मात्र मी बाईंना सगळं सांगितलं. ताप, सुईण, डबा, आठ महिने.

त्यांनी स्वतः पट्टी पाहिली. मग म्हणाल्या, “ह्या पेशी तिच्या रक्तातल्याच. वाईट जंतू आले की ह्या मदतीला येतात, त्यांना गिळतात. पण आल्या की तिथं सूज येते. थोड्या दिवसांची सूज बरी. महिनोन् महिने राहिली तर नळीचं आतलं अस्तर खराब होतं, एकाला एक चिकटतं.”

ते मला लगेच कळलं. खळ लावलेलं ताणं, म्हणजे मागावरचं उभं सूत, नीट न विंचरता वाळलं की दोरा दोऱ्याला चिकटतो आणि मग तो सुटत नाही, तुटतो. लहानपणी त्यासाठी मी मार खाल्ला होता.

“हे माझ्यामुळे झालं का?” मी विचारलं.

“नऊ दिवसांच्या तापात सुरू झालं असेल. धुण्यानं वाढलं असेल. किती त्याचं आणि किती ह्याचं, हे मी सांगू शकत नाही. तूही सांगू शकणार नाहीस.”

गोळ्या झाल्या, सुया झाल्या. महिनाभरात धुपणी थांबली, पोटाचं दुखणं बरंच कमी झालं. वहिनीच्या तोंडावर तेज आलं. ती पुन्हा गुणगुणायला लागली. मग बाईंनी नळ्यांचा एक्स-रे काढायला सांगितला, आत औषध सोडून काढतात तो. फिल्म अजून ओलीच होती तेव्हा त्यांनी ती खिडकीपुढे धरली. मधे पिशवीचा पांढरा त्रिकोण, आणि त्याच्या दोन कोपऱ्यांतून निघालेली दोन बारीक शिंगं. बोटाच्या पेराएवढी जाऊन दोन्ही संपली होती. पुढे नुसता काळोख.

“दोन्ही नळ्या बंद?” मी म्हणाले.

“दोन्ही.”

त्या काळी ह्यावर इलाज म्हणून जे ऑपरेशन होतं, त्यात यश फार थोड्यांना यायचं. बाईंनी ते लपवलं नाही.

घरी दादाला सांगितलं. मायलाही सांगावंच लागलं. मग एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, वहिनी समोर सुपात तांदूळ निवडत बसलेली असताना, माय दादाला म्हणाली, “दुसरी पाहू गा आता. हिले का आपण हाकलून देऊन राहिलो? ही बी राहीन.”

दादा भिंतीकडे पाहत होता. वहिनीचा हात सुपात तसाच थांबला.

“माय,” मी म्हणाले, “तिचा काही दोष नाही. हे मी केलं.”

“तू काय केलं?”

मी सांगितलं. जे पाणी मी तिला घ्यायला लावलं, त्यानं तिच्या आतलं चांगलं होतं ते धुऊन गेलं आणि वाईट वर चढलं. माय माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. खरंच हसली. “बह्याड झाली का वं? धुतल्यानं कोणी वांझ होते का? मी जलमभर धुतलं, मले दोन झाले ना.”

तेव्हा वहिनी बोलली. सुपाकडे पाहूनच बोलली.

“आग होये.”

“काय?” मी विचारलं.

“पयल्या दिवसापासून आग होये जी, ताई. कवा कवा रगत लागे. मले वाटलं, दवाई काम करून राहिली.”

“मग सांगितलं का नाहीस? एकदा तरी?”

तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नवल होतं, नुसतं नवल.

“तुमी शिकेल-सवरेल हा ना,” ती म्हणाली. “म्या काय सांगू तुमाले?”

आठ महिने. दिवसातून दोनदा. मी बाहेर खाटेवर बसून कोर्सची पुस्तकं वाचायची आणि आत ती दात दाबून उभी असायची. त्या दुपारी दादा चपला घालून बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एसटीनं उमरेडला गेली. दादा तिला स्टँडवर सोडून आला आणि कामावर गेला. कधी येणार, हे ना त्यानं सांगितलं ना आम्ही विचारलं.

तीन महिने गेले. मायनं दोन ठिकाणी मुली पाहायला सांगून ठेवलं होतं. दादा हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता.

एक दिवस शिपाई सांगत आला की गेटावर कोणी बाई उभी आहे. मी गेले तर वहिनी. हातात पिशवी, पायांवर धूळ. थेट स्टँडवरून आली होती, घरी गेली नव्हती.

“मले दाखव,” ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला ‘तू’ म्हटलं.

“काय दाखवू?”

“माह्या आत काय दिसलं तुले, ते.”

मी तिची पट्टी फेकली नव्हती. टेबलाच्या खणात कागदात गुंडाळून ठेवली होती. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या. मी वहिनीला माझ्या स्टुलावर बसवलं, भिंग जुळवून दिलं. तिला आधी काही दिसेना, स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग ती एकदम स्तब्ध झाली. मागावर तुटलेला दोरा शोधताना व्हायची तशी.

“हे गोल गोल?”

“ते तुझेच. तुझ्या रक्तातले.”

“अन् आले कायले?”

“तुला वाचवायला. तापात आत जे विष झालं होतं ते खायला.”

“मंग वाचवलं का?”

“वाचवलं. ते नसते तर तू तापातच गेली असतीस. पण ते फार दिवस राहिले. जायचं कारणच मिळालं नाही त्यांना. मी रोज...”

तिनं हात वर करून मला थांबवलं. डोळा काचेवरच होता. “म्हंजे मी मरून राहिली होती?”

“हो.”

“हे मले कोणीच सांगतलं नाई.” ती हळू आवाजात म्हणाली. “सगळ्यांनी हेच सांगतलं का माह्या आत घाण हाये.”

ती उठली, पदर सारखा केला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “मायले जाऊन सांग, मी येऊन राहिली. दुसरी आणाची असल तं आणा म्हणा. पण मी माह्या घरातून जात नाई.”

दुसरी आली नाही. त्या संध्याकाळी दादा कामावरून आला, वहिनीला चुलीपुढे पाहिलं आणि दारातच खाली बसला. मी त्याला रडताना तेवढंच एकदा पाहिलं. मायचा दुसरीचा विषय वर्ष-दीड वर्ष चालला, मग तीच थकली. वहिनीनं माग पुन्हा सुरू केला.

माझं लग्न झालं, मी नागपुरातच राहिले. मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला वहिनीच आली. मी तिला नको म्हणत होते. तिच्याकडून सेवा करून घेण्याचं तोंड मला नव्हतं. ती म्हणाली, “सरक तिकडं,” आणि पोरीला मांडीवर घेऊन तेल लावायला बसली. दादानं पुढे शहराबाहेर बेशाकडे स्वस्तात जागा घेतली, तेव्हा ते गावच होतं, आजूबाजूला वावरं होती. सुट्टी लागली की माझी मुलगी तिकडे पळायची.

ती तेराव्या वर्षी शहाणी झाली ती तिथंच, मामाच्या घरी. निरोप आला तशी मी गेले. तिला काय सांगावं, कसं सांगावं, ह्याचा बसमध्ये विचार करत होते आणि काहीच सुचत नव्हतं. पंधरा वर्षं मी परक्या बायकांच्या पट्ट्या पाहिल्या होत्या आणि स्वतःच्या पोरीला एक शब्द सांगितला नव्हता. अंगणात चपला काढल्या तर आतून वहिनीचा आवाज आला.

“वरवर पाण्यानं धुवाचं. आत काही घालाचं नाई. साबण नाई, दवाई नाई, कोणी सांगो. ते आपलं आपण साफ राहते. आग झाली, वास आला, दुखलं, तं लाजाचं नाई, सांगाचं. समजलं?”

“मामी, तुम्हाला कसं माहीत?”

“माह्यं सारं तसंच खराब झालं. मी आत दवाईचं पाणी घेत होती. आग होये तरी घेत होती.”

“कोणी सांगितलं होतं घ्यायला?”

आत फणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“होतं कोणी,” वहिनी म्हणाली. “तवा कोणालेच माहीत नव्हतं.”

मी दारात उभी होते. तेरा वर्षं मामीच्या अंगाखांद्यावर खेळलेल्या पोरीपासून तिनं माझं नाव लपवलं होतं. अजूनही लपवत होती. मग मी आत गेले. दोघी खाटेवर बसल्या होत्या, मुलीचे केस वहिनीच्या हातात, अर्धी वेणी झालेली.

“मी सांगितलं होतं,” मी मुलीला म्हणाले. “मी आणून दिलं होतं. माहीत असायला हवं होतं मला, आणि नव्हतं.”

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मग मामीकडे. वहिनीनं वेणीचा पेड आवळला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आता कायले सांगतं तिले? जा, पाय धू. मंग चहा ठेव.”